परत आलेल्याचा हिशेब

वखारभागात, जिन्याखालच्या खोलीत
हळदीचा वास भिंतीत मुरलाय.
संध्याकाळी सौदे संपले की
राजापुरी, कडप्पा, कणी, गड्डा:
चार हजार तीनशे पत्त्यांवर भाव धाडते मी.
रात्रभर त्यातले काही परत येत राहतात.

धनपालशेठ पहिल्याच दिवशी म्हणाले,
"परत आलं की नाव काटायचं, नदाफबाई. त्यात काय!"

त्यात बरंच काय.
एक म्हणतं, असा कुणी इथं राहत नाही.
एक म्हणतं, पेटी तुडुंब आहे, उद्या बघ.
एक कुठल्याशा लिपीत चिडलेलं,
मला त्यातलं पाचशे पन्नास तेवढं वाचता येतं.
एक म्हणतं, सुट्टीवर आहे, सोमवारी बोलू.
त्याला उत्तर द्यायचं नाही,
नाहीतर दोन यंत्रं पहाटेपर्यंत
एकमेकांना "या, बसा" करत बसतील.

आणि एक भलत्याचंच नाव घेतं,
ज्याला मी जन्मात लिहिलेलं नाही.
तासगावच्या कुणी आपली टपाल जावयाकडे वळवलेली,
जावयानं नोकरी सोडलेली.
तेव्हापासून दर पाकिटाला परतीचा पत्ता निराळा,
गोणीगणिक चिठ्ठी शिवावी तसा.
काय म्हणतंय ते न कळो,
कुणाचं ते कळतं.

परत आलं, एक रेघ.
दिवसात दहादा आलं तरी एकच.
महिनाभर काही आलं नाही, पाटी कोरी.
पाच रेघा झाल्या की भाव बंद,
आणि नाव काटण्याआधी
एक शेवटचं पत्र: आहात का?

हे सगळं नीट चाललं होतं
कृष्णा आयर्विनच्या पट्टीवर पंचेचाळीस ओलांडेपर्यंत.
मशीन पोत्यात गुंडाळून विट्याला नेलं, बहिणीकडे,
तिथल्या तारेवरून भाव सोडले.
एका रात्रीत एकतीसशे परत.
पुन्हा सोडले, पुन्हा परत.
चौथ्या रात्री सगळ्यांच्या नावापुढे चार चार रेघा
आणि माझा गणिताचा गुमास्ता
पाचवी ओढायला टपलेला.

बहीण चहा ठेवता ठेवता म्हणाली,
एवढी माणसं एकदम कुठं जातील गं?
अनोळखी दारातून आलेलं पत्र
कुणी घेत नव्हतं, इतकंच.
त्या रात्री एक ओळ वाढवली:
निम्म्याहून जास्त परत आले
तर कुणालाच रेघ नको.
आधी आपलं दार बघ.

बापूसो मगदूम, कवठेपिरान.
पेटी भरलेली. चार रेघा, मग महिनाभर शांत,
मग परत चार. तीन वर्षं असंच.
कुणीतरी अधूनमधून
थोडीशीच जागा करतं.
या खेपेला पाच झाल्या.
परवा शेवटचं पत्र धाडलं.

परत आलं नाही.
पोचलं, असं म्हणता येत नाही मला,
माझ्याकडे त्याची नोंद नसते.
पाटी पुसली.
राजापुरी आज दोनशेनं चढली,
त्यांनाही धाडलीय.