दोन सेकंद

नार्वे गावच्या वाचनालयाच्या माळ्यावर
पडदा म्हणजे सुर्लकरांची दुहेरी चादर,
मधोमध शिवण, त्यामुळे आज
प्रत्येक चेहऱ्यावर एक व्रण.
खुर्च्या बावीस, माणसं चौदा.
पंधरावा मी, प्रोजेक्टरपाशी,
वर्तमानपत्राने वारा घालत
त्याला, स्वतःला नव्हे.

पहिल्या फिल्ममध्ये एक मुलगी खिडकीबाहेर बघते.
अकरा मिनिटं बघते.
दुसरीत आवाजच आला नाही, टाळ्या मात्र आल्या.
तिसरी मेल्विनची: खाजनाचा बांध, मानस,
भरतीचं पाणी फळीला ढोसण्या देतंय
आणि मागे, फार मागे, बांधावरून
एक सायकल उजवीकडून डावीकडे.

“मात्शें फाटीं घे रे.”
मथुराबाय. चहा देऊन जाणार होती,
किटली अजून हातातच.
मी मागे घेतलं. सायकल उलटी आली,
मग सुलटी गेली.
“तो,” ती म्हणाली.
नाव तिने कधीच घेतलं नाही,
तो असताना नाही,
तो गेल्यावरच्या दीड वर्षात नाही.

मेल्विनला चौकटीविषयी बोलायचं होतं,
टिपणं काढून आणलेली.
म्हणाला, मावशी, मला दिसलेच नव्हते ते.
“केन्ना काडलें हें?”
दिवाळीनंतर.
किटली खाली टेकली.
“चवथीआदीं विकली म्हणिल्लें माका.
पयशेय दिल्ले हातांत.”

त्या बांधाला पुढे वाटा दोनच,
एक फेरीच्या धक्क्याला,
एक बोस्त्यांवच्या तावेर्नाला.
धक्का डावीकडे नाही.

कुणीतरी फिसकन हसलं,
मग सगळेच, मग तीही, पदर तोंडाला लावून.
फक्त मागच्या रांगेतला बोस्त्यांव
टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.
ते पैसे माझे होते, तो म्हणाला.
फेडत होता बिचारा. थोडे राहिले.

“किती?”
बोस्त्यांवने आकडा सांगितला नाही.

“परत घाल.”
सहा वेळा घातली.
पाचव्या वेळी ती उठून पुढे गेली,
चादरीची शिवण तळहाताने
खालपर्यंत सारखी केली, इस्त्री केल्यासारखी,
आणि हात तिथेच राहिला,
म्हणून सायकल त्या वेळी
तिच्या बोटांच्या पेरांवरून गेली,
अडखळली नाही.

चौथी फिल्म मडगावहून आली होती.
तिच्या दिग्दर्शकाला साडेनऊची बस होती,
तो केव्हा उठला
कुणाच्या लक्षात आलं नाही.