प्रयोग ओळखा

रोला चौकामागच्या टायपिंग सेंटरात
माझं टेबल एसीच्या गळक्या नळीखाली.
पायाशी रंगाचा रिकामा डबा.
अरबी मजकूर शफीक करतो, इंग्रजी मी,
आणि मराठी उरते
समोरच्याचं ऐकून घेण्यापुरती.

दापोलीकडे एकोणीस वर्षं व्याकरण शिकवलं.
शारजात नवऱ्याच्या नोकरीमागून आले.
इथल्या शाळेत हिंदी आहे, फ्रेंच आहे,
माझ्या विषयाची घंटा नाही.

सुलेमान परकार आला तेव्हा दुपार टळत होती.
त्याच्या कँपच्या वस्तीचं नाव सजा.
अरबीत त्याचा अर्थ दुसराच असणार,
मी कधी विचारला नाही.
तो खुर्चीच्या कडेवर बसला, सिमेंटची बोटं मांडीवर,
म्हणाला, “पगार ठेवलान, बाय. चार म्हयने.”

मी लिहिलं: वेतन प्रलंबित आहे.

“पासपोट पण ठेवलान.”

पारपत्र कंपनीकडे जमा आहे.

“इचारायला गेलू तं गेटावरनं हाकललान.”

यावर जरा थांबले.
मग लिहिलं: संवाद होऊ शकला नाही.

मराठीतून वाचून दाखवलं. नियमच आहे आमचा.
त्यानं डोळे मिटून ऐकलं, खुतब्याला बसावं तसं,
आणि डोळे उघडून विचारलं,
“बरा लिवलाव. पन ह्यात त्यो कुठं हाय?”

कोण तो?

“त्योच. ठेवलान त्यो.”

डब्यात ठिबकत होतं.
ठिबकतं: अकर्तृक भावे. तसंच उजाडतं, गडगडतं,
करणारा कोणी नाही, होतंच आपलं.
मुलांकडून घोकून घेतलं होतं,
कर्ता हवा तर धातूला ‘णारा’ लावा आणि कोण ते विचारा.
थकणारा कोण? पगार. शाब्बास, एक गुण.
थकवणारा कोण, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही विचारलं.

सहावीतल्या महादू धोपटनं एकदा वहीत लिहिलं होतं:
मास्तरानं मला मारलान.
शेवटच्या न भोवती मी तांबडं वर्तुळ काढलं.
अशुद्ध. बोलीतलं. घरी बोला, वहीत नको.
फळ्यावर शुद्ध करून दिलं: मला मार बसला.
बसणारा कोण?
मार, बाई, सगळा वर्ग एका सुरात.
महादू तेवढा गप्प.

एवढासा न.
क्रियापदाला चिकटून आलेला,
पळून जाणाऱ्याचा सदरा धरून ठेवावा तसा.
असे किती सदरे सोडवून दिले मी,
सुंदर अक्षरात.

मी ओळ खोडली. लिहिलं,
मालकाने चार महिने पगार दिला नाही.
शफीकनं पडदा माझ्याकडे वळवला.
लिहायला जागाच नव्हती. यादी होती, त्यातून निवडायचं:
विलंब. गैरसमज. इतर.
“इतरवाले अर्ज पडून राहतात,” तो म्हणाला,
तोही वाईट माणूस नाही.

विलंबावर टिचकी मारली.
फी पन्नास दिरहम, घेतली नाही.
सुलेमाननं पावती चार घड्या करून
खिशात ठेवली, सलाम केला, गेला.

आता बस सजाला पोचली असेल.
खाटेवरून कुणीतरी विचारेल, काय झालं रे अर्जाचं?
तो बूट काढता काढता सांगेल:
बायनं ‘विलंब’ लिवलान.

डबा काठोकाठ आलाय.