एम मजला

विश्रामने दारामागच्या खिळ्याला पिशवी अडकवली
त्याला पाच वर्षं झाली.
तीन पासपोर्ट, मुक्ताच्या दम्याचा पंप,
दोनशे दिरहम, एक शिट्टी.
शिट्टीला मी फार हसले होते.
पिशवीवर मग छत्री आली, त्यावर दप्तर,
आणि पिशवी दिसेनाशी झाली.

अल नहदा, शारजा. चौदावा मजला.
लिफ्ट बंद पडली त्या दिवशी दोन मजले मोजले मी,
अठरा आणि अठरा.
बाकीचे गुणून टाकले. हिशेबाचीच नोकरी माझी.
दोनशे बावन्न.

ऑगस्ट. रात्रीचे सव्वादोन. विश्राम जबल अलीला, रात्रपाळी.
आधी एसी गप्प झाला, त्या शांततेनेच जाग आली.
मग खिडकीबाहेरून काहीतरी पेटतं खाली गेलं,
पाठोपाठ आणखी एक.
बिल्डिंग अंगावरचे कपडे काढून फेकत होती.

दाराला हाताच्या पाठीने विचारलं, तापलंयस का?
नाही म्हणालं.
सोलापुरी पंचा भिजवून मुक्ताच्या तोंडाला बांधला.
देवापुढचा दिवा संध्याकाळीच विझलेला,
तरी जाताना त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

जिन्यात माणसं नव्हती, खोकले होते.
कुणी आयतुल कुर्सी पुटपुटत होतं,
मी आकडे.
एकोणचाळीस. चाळीस. भिंत सोडू नको, मुक्ता. एकेचाळीस.
सातव्यावर शिट्टी फुंकली.
धुरातून नसीमा परकार ओरडली, दापोलीच्या हेलात,
"कोण हाय गो? वाजवत ऱ्हा, थांबू नको!"

दोनशे बावन्नला मी पाय सपाट टाकला,
अंगणात टाकावा तसा.
तिथे पायरी होती.
आणखी एक. आणखी.

तळमजला आणि पहिला यांच्यामध्ये एम असतो.
पाच वर्षं त्याचं बटण पाहत होते.
तिथे कुणी राहत नाही, म्हणून धरलाच नव्हता.
हिशेब संपल्यावरच्या त्या अठरा पायऱ्या
कशा उतरले, सांगता येत नाही.
मुठीत नसीमाची ओढणी होती, एवढंच.

फुटपाथवर कुणीतरी लबनच्या बाटल्या वाटत होतं.
विश्रामचा फोन. "पिशवी घेतलीस?"
घेतली होती. तिच्यासोबत छत्रीही आली होती.
वरून काजळी पडत होती,
ती उघडून आम्ही तिघी तिच्याखाली बसलो.

आता अजमानला राहतो, आठव्यावर.
सामान लावायच्या आधी जिना उतरून आले.
एकशे त्रेपन्न, एकेक मोजून.
वहीत लिहिलं, पुढे अधिकचं चिन्ह काढलं,
आणि जागा तशीच सोडली.