लिस्तव्यांकाची कुत्री

मार्चमध्ये बैकालचा बर्फ मीटरभर जाड असतो,
ट्रकही पेलतो.
टेकडीवर आमची दुर्बीण, खाली सरोवर.
आठ दिवस मी एकच डाग बघतेय.
आख्खी पृथ्वी त्यात सहज बुडेल,
पडद्यावर मात्र चहा सांडल्याएवढा.

डाग काळा नसतोच.
उपटून रात्रीच्या आकाशात टांगला
तर पुनवेचा चंद्र तोंड लपवेल.
शेजारी फारच उजळ, म्हणून हा बिचारा काळा ठरला.

त्याच्या चहूबाजूंनी नुसती रटरट,
एकेक बुडबुडा एखाद्या देशाएवढा,
दहा मिनिटं जगतो आणि फुटतो.
इथे मात्र चुंबकाचे दोर उभे ताणलेले,
खालची उकळी वर येऊ देत नाहीत.
बाहेरून लाटा येतात, पाच-पाच मिनिटांनी,
डागाच्या अंगावरून जातात
आणि पलीकडे निघतात तेव्हा रोडावलेल्या.
उरलेल्या गिळल्या कुणी, तो काही सांगत नाही.

तरी गप्पही बसत नाही.
दर तीन मिनिटांनी गाभ्यात काही लकाकतं,
तिथून एक वळी सुटते,
कडेच्या तंतूंवरून बाहेर, बाहेर,
शांत पृष्ठभागावर जाऊन विरते.

परवा एक वळी फार पळाली.
सेकंदाला चाळीस किलोमीटरच्याही वर.
त्या थरात आवाजसुद्धा दहाच्या आतच चालतो.
मी पुन्हा मोजलं.
ग्लेब म्हणाला, कॅमेऱ्याचं घड्याळ बघ.
घड्याळ बरोबर होतं.
मग म्हणाला, झोप काढ.

झोपले.
रात्री केव्हातरी बर्फ तडकला,
तोफ उडावी तसा,
आणि किनाऱ्याची कुत्री भुंकली. मी कूस बदलली.

सकाळी इन्नोकेन्ती ओमुल मासे घेऊन आला.
त्याच्या गुडघ्यांना झोप नाही,
म्हणून गावची रात्र त्याला तोंडपाठ.
"सेसेग्मा, रात्री काय पळालं गं?
आधी धक्क्यावरचा झिनाईदाचा कुत्रा,
मग चर्चपाशी, मग मासळीबाजारात,
मग पार वळणावरचा तो आंधळा म्हातारा कुत्रा.
आणि तिकडे, उलट्या बाजूलाही, तसंच ओळीनं.
लांडगा एवढा पळत नाही.
आणि पळालाच, तर एकाच वेळी दोन दिशांना?"

मी कप खाली ठेवला.

काहीच पळालं नव्हतं.
धक्क्यासमोर, दूर बर्फावर, एकदाच तडकलं,
आणि ज्याच्या त्याच्या अंतरानं
ज्याच्या त्याच्या कानी आलं.
जवळच्याला आधी, लांबच्याला मागाहून.
प्रत्येक कुत्रा आपल्या जागेवरच भुंकला.
त्या भुंकण्यांना पाय फुटले
ते इन्नोकेन्तीच्या अंथरुणात.

मग ती वळीही पळत नसेल.
खाली, काही हजार किलोमीटर खाली,
जिथे आपली नजर जात नाही,
तिथे एकदाच काही हिसकलं असेल.
सरळ वर जाणारी लाट आधी पोचली,
तिरकी जाणारी जरा उशिरा, आणखी तिरकी आणखी उशिरा.
आणि आम्ही वरून बघणारे म्हणालो,
बघा, कशी सुसाट सुटलीय!

पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं.
कुत्र्यांच्या हिशेबानं भेग तीन किलोमीटरवर निघाली.
इन्नोकेन्ती काठी घेऊन बघायला गेला,
दुपारी भुवयांवर हिम घेऊन परतला.
"चार," म्हणाला. "आणि तिरपी आहे."
एका किलोमीटरनं चुकले. कुत्र्यांनी घड्याळं घातली नव्हती.

डागाखालचंही गणित मी मांडलंय,
ग्लेब वाचतोय, ओठ चावत.
तिथे काठी घेऊन कोण जाणार?
आणि हिसका कशाचा,
दोर हलले, की उकळी अडली, की आणखीनच काही,
तो रकाना मी कोराच ठेवलाय.

संध्याकाळी डाग सूर्याच्या कडेला सरकला,
बारीक झाला, नखाच्या कोरीएवढा.
खाली उतरताना झिनाईदाच्या कुत्र्याला
मी ओमुलचं डोकं दिलं.
पहिला तो भुंकला होता, म्हणून.