हिरव्या लोकरीचा गुंडा

बल्लारशा पॅसेंजर अर्जुनीला टेकली
की अर्ध्या तासात यांगझोम खिडकीशी.
पिशवीतून लोकरीचा गुंडा काढते,
उकलत उकलत जाते, आत डबी.
"नाहीतर वाजते ना जी बाई.
वाजली का सासू विचारते."

मी उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतते.
चार.
चारच हव्यात.
तोवर ती निकालाला आलेल्या पोरीसारखी उभी,
चप्पल एका पायाची काढून.

पहिल्या दिवशीची नोंद अजून माझ्याच अक्षरात आहे:
राहणार – धरणापलीकडची तिबेटी वसाहत.
मूळ गाव –
"आईले मालूम होतं.
माझा जनम तं भंडाऱ्याच्या दवाखान्यातला."
मी नुसती रेघ मारली होती.

किती दिवस घ्यायच्या, तिनं विचारलं.
आम्हाला शिकवलंय,
'कायम' हळू म्हणायचं
आणि पाण्याचा ग्लास पुढं सरकवायचा.
तिनं पाणी घेतलं नाही.
नोंदणीचं पुस्तक काढलं पिशवीतून,
पानापानावर पोलिसांचे शिक्के,
एक वर्ष, आणखी एक वर्ष, आणखी एक.
"या देशात मले कायम असं
काहीच भेटलं नव्हतं बाई.
हे पहिलंच."
आणि हसली. मला मात्र
ग्लास परत कुठं ठेवावा कळेना.

दिवाळी झाली की वसाहत कुलपात जाते.
सगळे स्वेटर घेऊन अकोल्याला,
पत्र्याच्या दुकानांची एक रांग, चार महिने.
मागच्या साली मी तिला तिथल्या केंद्राची चिठ्ठी दिली.
गेली नाही.
दवाखान्याच्या फाटकासमोरच नणदेचं दुकान.
फाल्गुनात आली ती एकोणीस दिवसांची खाडी घेऊन,
मान खाली, आणि मी रागावले,
रागावून मग चहा सांगितला.

औंदा जाताना ती गुंडाच ठेवून गेली माझ्याकडं.
साठा एकाच महिन्याचा होता,
बाकीचा आला पौषात.

रात्री जेवण झाल्यावर बसले.
मला कुठं येतंय हे,
कधी सैल, कधी एका बाजूला फुगलेलं,
तीनदा उकललं.
नवरा म्हणाला, आता विणकामही का?

पोस्टात खिडकीमागच्या पटलेबाबूंनी
पार्सल कानाशी नेऊन हलवलं.
"काय आहे?"
"लोकर."
त्यांनी पुन्हा हलवलं.
मी श्वास धरून ऐकत होते.
काहीच वाजलं नाही.