हात हलवत

दर दोन वर्षांनी, ऑगस्टच्या चिखलात,
आत्या रस्त्याच्या कडेला उभी राहायची.
पहाटेचे साडेपाच. तळाकडे कामाला निघालेल्या गाड्यांचे दिवे,
पाठीशी समुद्र, अजून रंग न आलेला,
आणि माझ्या हातात पाटी: रेमेदियोस नेदेदोग, सिनेटर.
फोटोतली आत्या वीस वर्षांनी तरुण.

ग्वाममध्ये मत असंच मागतात.
भाषण कोण ऐकतं कामावर जाताना?
उभं राहायचं आणि हात हलवायचा,
ओळखीच्याला, अनोळख्याला, शाळेच्या बसला,
ज्यांना मत नाही त्या सैनिकांनासुद्धा.
मी हॉर्न मोजायचो.
दोनशेच्या वर गेले की आत्या म्हणायची, आज बरं आहे,
आणि थर्मासमधली कॉफी आधी मला द्यायची.

पहिल्या खेपेला ती सोळावी आली.
जागा पंधरा.
तीन महिने हात हलवला होता
आणि नोव्हेंबरात हात हलवतच परत आली.
स्वयंपाकघरात बसून तिने तांबड्या भाताचं पातेलं
शेवटच्या खरवडीपर्यंत घासलं,
मग म्हणाली, एक्केचाळीस मतं. एवढे तर माझे चुलतभाऊ आहेत.

नंतर चार वेळा निवडून आली.
इनालाहानच्या पोरांसाठी काँक्रीटचा बसथांबा बांधला,
वादळात गावात तेवढा एकच टिकला.
सापाने विजेच्या तारेला मिठी मारली की
अख्खं दक्षिण टोक अंधारात, आणि शिव्या आत्याला.
रात्री दोनला फोन उचलायची:
हो, तुन किको, मी बोलते त्यांच्याशी. नाही, साप मी सोडला नाही.

कुंपणाआड गेलेल्या आजोबांच्या जमिनीसाठी
ती एकदा वॉशिंग्टनला गेली, उसना कोट घालून.
पाच मिनिटं मिळाली.
चार मिनिटं विहिरीबद्दलच बोलली,
पाणी कसं गोड होतं, दोर कुणी वळला होता.
मुद्दा राहून गेला.
परत आल्यावर कुणी विचारलं की सांगायची,
थंडी फार होती.

कुणी गेलं की नऊ रात्रींची प्रार्थना,
नवाच्या नव रात्री ती हजर. हातात पाकीट,
पर्समध्ये वही: कोण गेलं, किती दिले, कुणाकडे रडली.
विरोधक म्हणायचे, बाई मयतीवर मतं गोळा करते.
खोटं नव्हतं.
पण रडणंही खोटं नव्हतं. मी शेजारी असायचो.

मग इस्पितळासाठी करवाढीला ती हो म्हणाली.
त्या ऑगस्टला हॉर्न पंचावन्न.
एका गाडीने मुद्दाम डबक्यातून चाक घातलं,
पाटीवरच्या तरुण आत्याचं तोंड चिखलाने माखलं.
खऱ्या आत्याने त्या गाडीलाही हात हलवला.
बावीसावी आली.
पातेलं त्या वेळी मी घासलं.

आता ती एक्काहत्तरची. प्रार्थनेला अजून जाते.
लोक दचकतात, कानात विचारतात, उभ्या राहताय का पुन्हा?
वही बंद झालीय. पाकीट चालू आहे.

परवा मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो.
आगात्च्या वळणावर पावसात एक पोरगी उभी,
तिला पाडणाऱ्याचीच नात, नवी कोरी पाटी,
हात खांद्यापासून हलवणारी.
मनगटातून हलवावा, नाहीतर सातपर्यंत दुखतो,
आत्या पुटपुटली,
आणि माझ्या अंगावरून वाकून तिने हॉर्न दाबला,
लांबलचक, पोरगी दचकेपर्यंत.

मत देणार तिला?
ते नोव्हेंबरात बघू, म्हणाली. भिजतेय बघ किती.

पुढे रस्ता मोकळा होता.
काचेवरचं पाणी पुसलं गेलं
तर आत्याचा उजवा हात मांडीवरून उठलेला,
मनगटातून हलतोय.
समोर एक कोंबडा, सावकाश,
रस्ता ओलांडत होता.