गुरुवार, भोसरी

सेफ्टी पुस्तिकेत, पान एकेचाळीसवर,
एकाच वाक्यात दोन विशेषणं आली:
मेकॅनिकल आणि रोबोटिक.
मी दोन्हीकडे 'यांत्रिक' लिहिलं.
तपासणाऱ्यानं लाल शाईत विचारलं,
'मग मूळ लेखकानं दोन शब्द कशाला खर्च केले?'

'यंत्रवत' लिहून पाहिलं.
त्यातला 'वत' खटकला.
यंत्रासारखं, म्हणजे यंत्र नव्हे,
म्हणजे आत कुणीतरी असणार.

म्हणून कंपनीतच गेले.
इंद्रायणीनगरच्या अलीकडची शेड,
कूलंटचा आंबूस वास,
पिवळ्या जाळीआड नवा हात:
उचल, वळ, ठेव.
जाळीबाहेर कुंडलिक गव्हाणे,
चाळीस टनी प्रेस, एकोणीस वर्षं,
उजवी तर्जनी पेरभर कमी:
उचल, वळ, ठेव.
मला फरक दिसेना.

मग लाइट गेली. गुरुवारच होता.
पिवळा हात हवेत थबकला,
पकडीत वॉशर तसाच,
ना घाई, ना कंटाळा.
आम्ही टपरीवर आलो.
गव्हाणे बशीत चहा ओतत होते,
लेकीच्या बारावीचं सांगत होते,
फिजिक्सचा क्लास, त्याची फी,
आणि बाकड्याखाली त्यांचा पाय
नसलेलं पेडल दाबत होता,
चार सेकंदांनी एकदा.

मी बघतेय हे त्यांनी बघितलं.
'त्याला सवय लागत नाही, मॅडम,'
शेडकडे मान उडवत म्हणाले,
'आपल्याला लागते.'
आणि एका पायावर दुसरा ठेवून
दाबून धरला.

परतताना पीएमपीत, नाशिक फाट्याला,
आईचा फोन. जेवलीस का?
हो, म्हटलं.
सकाळपासून पोटात नुसता चहा.
अकरा वर्षं हाच प्रश्न, हेच उत्तर,
आताशा प्रश्नाच्या आधीच निघतं.
ती मात्र उत्तरानंतर जरा थांबते,
हे आज लक्षात आलं.

रात्री पान एकेचाळीस पुढ्यात घेतलं.
रोबोटिकला रोबोटिकच ठेवलं,
त्याचं त्याला लखलाभ.
दुसऱ्या जागी 'यांत्रिक' राहू दिलं
आणि लाल शाईखाली पेन्सिलीनं लिहिलं:
इथे माणूस आहे. पाय हलतोय.
हे छापायचं नाही.

मग उठून वाटीभर तांदूळ घेतले,
तीन पाण्यांनी धुतले.
तीनच का, कोण जाणे.